आमची वाटचाल : पुळणीवरून पुन्हा पाण्यात

वडिलांनी रत्नागिरीत बोटी किनाऱ्यावर ओढण्याचा आणि पुन्हा पाण्यात सोडण्याचा हा व्यवसाय सुरू केला तेव्हा त्याचे स्वरूप अगदी साधे होते. १ जूनला मासेमारीबंदी लागण्यापूर्वी होड्या ओंडक्यांवरून पुळणीवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूत, ओढून घ्यायच्या आणि बंदी उठली की पुन्हा पाण्यात सोडायच्या, एवढ्या कामाला दोन चेन पुल्या, जाड दोर आणि वाडीतली पंधरा-वीस माणसे पुरत असत.

वाऱ्याने किनाऱ्यावर आणून टाकलेला ट्रॉलर काढण्याचे पहिले काम मी घेतले ते पोकलेनच्या भरवशावर. नाळेला, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, दोर बांधून यंत्र सुरू केले. बोट जागची हलली नाही, नाळ मात्र करकरत उखडून आली. भरपाई आम्ही खिशातून दिली. ओली वाळू तळाला घट्ट धरून बसते आणि ती पकड सुटण्यापूर्वी लावलेला जोर बोटच मोडतो, हे तेव्हा समजले. आता आम्ही प्रथम समुद्राच्या बाजूला नांगर टाकतो, म्हणजे पुढच्या भरतीला बोट आणखी वर सरकत नाही. मग डिझेल, बर्फ आणि जाळी उतरवतो, फुटलेल्या फळीवर ताडपत्री लावून वरून लाकडी पट्टी ठोकतो, दोर संपूर्ण बोटीभोवती घेतो आणि पंपाच्या झोताने तळाखालची वाळू सैल करतो.

खरा हिशेब भरतीचा असतो. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी सर्वांत मोठे उधाण येते, तर अष्टमीच्या सुमारास भांगाचे, म्हणजे सर्वांत कमी चढणारे, पाणी बोटीपर्यंत पोहोचतही नाही. म्हणूनच ऐन उधाणात वर चढलेली बोट सर्वांत अवघड. तिला सुमारे पंधरा दिवस थांबावे लागते आणि पुढचे पाणी तेवढेच चढेल याची खात्री नसते. बोटमालकाला हे सांगणे मला आजही जड जाते, कारण ‘जेसीबी लावा, अर्ध्या तासात निघेल’ असे कोणीतरी त्याला आधीच सांगून गेलेले असते.

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळात ‘बसरा स्टार’ हे जहाज मिऱ्याच्या किनाऱ्याला लागले, तेव्हा काहींनी आमच्याकडेही विचारणा केली. ते आमच्या आवाक्यातले काम नव्हे, असे आम्ही स्पष्ट सांगितले.

आमच्या वाट्याला भरतीच्या माथ्यावरची थोडीशी मिनिटे येतात. कललेली बोट आधी सावकाश सरळ होते, मग नाळ किंचित डुलते. ती डुलली की मी हात वर करतो आणि खोल पाण्यात उभ्या असलेल्या ट्रॉलरवरचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा प्रमुख, दोर ताणायला घेतो.