तंगूस सोडला आणि मण्यांची वीण जमली

आमच्या घरी मोतीकाम नवं नाही. गौरी-गणपतीत ताटाभोवती मांडायच्या महिरपी आई स्वतः करते. तंगूसाची, म्हणजे मासे धरायच्या गळाला असतो तशा पारदर्शक दोऱ्याची, दोन टोकं समोरासमोरून एकाच मोत्यातून काढायची, ओढायची आणि पुढचा मोती घ्यायचा. हे मला लहानपणापासून येतं. म्हणून पेयोटी विणीची अंगठी करायला बसले तेव्हाही हाती तंगूसच घेतला. पेयोटी म्हणजे भिंतीतल्या विटांसारखे एकाआड एक मणी बसवत पट्टी विणायची. पण या विणीत एकाच सुईने पुढे-मागे जायचं असतं, दोरा प्रत्येक मण्यातून पुन्हा जातो. ताठ तंगूसाने मणी सैलच राहिले.

मग पुण्याच्या बोहरी आळीतून नायलॉनचा दोरा, मोत्यांची बारीक लवचीक सुई आणि 11 नंबरचे काचमणी आणले. हे मणी साधारण 2 मिलिमीटरचे. नंबर वाढतो तसा मणी बारीक होतो.

दोऱ्याच्या टोकाशी एका मण्यातून सुई दोनदा फिरवली. हा अडवायचा मणी, नंतर काढून टाकायचा. पुढे 10 मणी ओवले. या दहांतच पहिल्या दोन ओळी असतात, हे लक्षात यायला मला अख्खी संध्याकाळ लागली! अकरावा मणी घ्यायचा, दहावा सोडायचा, सुई नवव्यात घालायची. मग बारावा घेऊन सातव्यात. असं पहिल्या मण्यापर्यंत.

खरी कसोटी याच ओळीत. चिमटीत धरलेली माळ गोल फिरते आणि कुठला मणी सोडायचा तेच कळेनासं होतं. तीनदा उसवलं. शेवटी पहिले दहा मणी लाल-पांढरे आलटून-पालटून ओवले आणि तिसरी ओळ निळी घेतली. सुई फक्त लालमध्ये, निळा बसतो पांढऱ्याच्या डोक्यावर. पुढच्या ओळीत वर आलेले निळे मणी स्पष्ट दिसतात, सुई त्यांच्यातून. त्यानंतर हात आपोआप चालतो. नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकीला मी तीन रंगांनीच सुरुवात करायला सांगेन.

मणी मात्र निवडून घ्यावेत. स्वस्त पाकिटात जाड-बारीक सगळेच असतात आणि एक जाड मणी पट्टीला बाक आणतो. मी ताटलीत जुना टॉवेल अंथरून, तांदूळ निवडतात तसे निवडते. मियुकी कंपनीचे जपानी नळीदार मणी एकसारखे असतात, पण महाग. शिकताना त्यांची गरज नाही.

बोटाभोवती पुरेल एवढी पट्टी झाली. ओळींची संख्या सम ठेवली होती, म्हणून दोन्ही टोकं जवळ आणल्यावर एकीकडचे वर आलेले मणी दुसरीकडच्या खाचांत चेनच्या दातांसारखे बसले. सुई या बाजूच्या मण्यातून त्या बाजूच्या मण्यात नेत दोरा ओढला आणि जोड कुठे आहे ते मलाच शोधावं लागलं.

आईने अंगठी उजेडात धरून फिरवून पाहिली. म्हणाली, "यात गाठ कुठंय गं?" गाठ नव्हतीच. उरलेला दोरा मण्यांतूनच उलटसुलट फिरवून जिरवला होता. मग तिने चष्मा लावला आणि सुई मागितली.