पाळधीपर्यंतची गोष्ट

पालगडला मी दोनदा जाऊन आलेय. ‘श्यामची आई’ वाचून डोळे पुसलेल्या माणसाला कोकणातलं ते गाव एकदा तरी बघायचं असतंच. अमळनेरला जा असं मात्र मला आजवर कुणी सांगितलं नाही, आणि याचा मला मनापासून राग आहे. साने गुरुजी २४ डिसेंबर १८९९ ला कोकणात जन्मले हे खरं. पण मुलांसाठी लिहिणारा माणूस त्यांच्यात घडला तो खान्देशात, अमळनेरच्या शाळेत. ठाण्याला आमच्या सोसायटीत मी दर रविवारी मुलांना गोष्टी सांगते. आठ वर्षं झाली. त्यामुळे हे मत मी सहज बोलावं म्हणून बोलत नाही, त्यावर खूप विचार केलाय.

तर यंदा नाताळच्या सुट्टीत नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन निघाले. रात्रीच्या बसने धुळ्याला पोचलो. खिडकी नीट लागत नव्हती, लेक रात्रभर माझ्या शालीत गुरफटून कुडकुडत होती. धुळ्यात थांबलो ते चहापुरते आणि तुरुंगाची भिंत बाहेरून बघण्यापुरते. १९३२ मध्ये इथे विनोबा दर रविवारी कैद्यांपुढे गीतेवर बोलत आणि गुरुजी ते भराभर उतरवून घेत. ‘गीता प्रवचने’ आज आपल्या हातात आहे ती त्यांच्या त्या लिहिण्यामुळे. लेकीने विचारलं, “तुरुंगात वही देतात?” मला नीट उत्तर देता आलं नाही.

अमळनेरला एसटीने गेलो. नेमका मंगळवार होता हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मंगळग्रह मंदिराला जाणारी गर्दी एवढी, की स्टँडवर पाय ठेवायला जागा नाही आणि रिक्षा दुसरीकडे कुठे यायला तयार नाही. भाविकांबद्दल माझी तक्रार नाही. पण साने गुरुजींची शाळा कुठे म्हणून तिघांना विचारलं, तर तिघांनी तीन दिशा दाखवल्या. भर उन्हात बोरी नदीच्या पुलावर उभं राहून मला रडू यायचं बाकी होतं.

ओळखीतल्या एका काकूंनी जेवायला बोलावलं होतं, त्यांनी दिवस सावरला. मागच्या अंगणात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली होती. मग लाकडी बडगीत ती ठेचली, वरून हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात आणि शेंगदाणे. सोबत कळण्याची भाकरी. ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाची ही भाकरी गरम असतानाच खावी, गार झाली की तिची चव जाते. काकू स्वतः जेवायला बसल्याच नाहीत, आम्हाला वाढत राहिल्या. लेकीने तिखटाने डोळ्यांत पाणी आणत दोन भाकऱ्या संपवल्या. असं आग्रहाने जेवू घालणं मी दुसरीकडे फार कमी बघितलंय.

शाळेत आत जाता आलं नाही. सुट्टी होती आणि फाटकावरच्या माणसाला परवानगीचा कागद हवा होता. मी फाटकाबाहेरूनच लेकीला सांगत बसले. गुरुजी अमळनेरला आले ते तत्त्वज्ञान मंदिरात. श्रीमंत प्रतापशेठांनी १९१६ मध्ये काढलेली ही संस्था. मोठमोठे ग्रंथ, चर्चा, सगळी शांतता. त्यांचं मन तिथे रमलं नाही. १९२४ साली ते शाळेत शिकवायला लागले आणि पुढे वसतिगृहही त्यांच्याकडे आलं. आजूबाजूच्या खेड्यांतून आलेली मुलं तिथे राहायची. गुरुजी त्यांचे कपडे धुवायचे, खोल्या झाडायचे, कंदिलाच्या काचा पुसून ठेवायचे, कुणी आजारी पडलं तर उशाशी बसायचे. आणि या मुलांसाठी ते हाताने लिहून एक दैनिक काढायचे. रोज! छापखाना नाही, वर्गणी नाही. रात्री लिहायचं आणि सकाळी मुलांनी वाचायचं. १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ मासिक सुरू झालं ते त्यानंतर.

त्या दैनिकापाशी मी थबकते ती यासाठी. मुलांसाठी लिहिणाऱ्या किती जणांना आपला वाचक रोज सकाळी समोर दिसतो? मजकूर कंटाळवाणा झाला तर मुलं पुढे निघून जाणार, आवडला तर घोळका करून उभी राहणार, आणि लिहिणारा हे स्वतःच्या डोळ्यांनी बघणार. अशी तालीम त्यांना अमळनेरला मिळाली. १९३० मध्ये सत्याग्रहासाठी त्यांनी नोकरी सोडली आणि मग तुरुंगामागून तुरुंग. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ पाच दिवसांत लिहून झाली. दिवस पाच असतील, पण त्याआधी कितीतरी रात्री खान्देशातल्या मुलांशी बोलण्यात गेल्या होत्या. त्या पुस्तकातलं वाक्य इतकं साधं का, याचं उत्तर मला त्या वसतिगृहात दिसतं. समोरच्या मुलाच्या घरी अहिराणी बोलत असतील तर जड पुस्तकी मराठी तिथे चालणारच नाही.

बाजारात एका दुकानात ‘सुंदर पत्रे’ मागितलं, गुरुजींनी पुतणीला लिहिलेली पत्रं. नाही. ‘धडपडणारी मुले’? नाही. दुकानभर गाइड आणि अपेक्षित प्रश्नसंच. गुरुजींच्या गावात तरी हे व्हायला नको होतं. मला वाईट वाटलं आणि अजून वाटतंय.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते सांगते.

दुसऱ्या दिवशी जळगावला जायला सुरतेकडून भुसावळला जाणारी पॅसेंजर धरली. समोरच्या बाकावर एक आजी आणि तिचा सहासात वर्षांचा नातू. आजीच्या पायांशी गाठोडं, बोटांवर कापसाच्या बोंडांनी ओरखडलेल्या रेघा. लेक माझ्याकडची ‘श्यामची आई’ वाचत होती. ही माझ्या वडिलांची प्रत, पहिल्या पानावर त्यांचं नाव आणि १९६१.

“काय वाची ऱ्हायनी व पोर?” आजीने विचारलं. लेकीला अहिराणी कळत नाही, पण हे कळलं. तिने पुस्तक दाखवलं. आजी म्हणाली, “जोरमा वाच. माले बी आयकू दे.”

लेकीने जोरात वाचायला घेतलं. आंघोळ झाल्यावर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट करतो आणि आई त्याच्यासाठी लुगड्याचे ओचे पसरते, तो भाग. आजी डोळे मिटून ऐकत होती. नातवाला मात्र काही उमगत नव्हतं. तो आजीचा हात ओढून सारखं विचारत होता. तेव्हा आजीने लेकीला हाताने थांबवलं आणि तीच गोष्ट त्याला सांगायला लागली. अहिराणीत.

तिच्या गोष्टीत कोकण नव्हतं. माड नाही, विहीर नाही. तिचा श्याम ओट्यावर आंघोळ करत होता. आणि आई? “माय कापूस येचीसन, दमीसन उनी,” आजी म्हणाली. दिवसभर वेचणी करून आलेली बाई, पाठ मोडलेली, अजून चूल पेटवायची आहे. आणि पोरगा म्हणतो, पाय मळतील. “तरी बी तिनी पदर पसारा.” एवढं म्हणून आजीने आपला पदर खरंच बाकावर पसरला. नातू त्यावर पाय ठेवून उभा राहिला. गाडीला हिसका बसला तसं तिने त्याला कमरेला धरलं. मग पाय जसे जपतोस तसं मन जप, हे तिने त्याच्या कानात सांगितलं. मला ते शब्द ऐकू आले नाहीत, पण गोष्ट मला पाठ आहे.

मी आठ वर्षं ही गोष्ट सांगतेय. आई कामावरून दमून आलेली असेल, हे माझ्या एकदाही मनात आलं नव्हतं.

धरणगाव आलं. हे बालकवींचं गाव, लेकीला त्यांच्या कविता म्हणून दाखवायच्या असं मी घरून ठरवून आले होते. स्टेशन आलं आणि गेलं, माझ्या ध्यानातही राहिलं नाही. आम्ही चौघं बोलत होतो. नातू दुसरीत होता. पुस्तक उलटं-सुलटं करून तो अक्षरं लावत होता: श्या, म, ची. लेक माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “आई, देऊया का त्याला?”

मी दिलं नाही. बाबांची प्रत आहे, असं तिला सांगितलं. तिने मान डोलावली, हट्ट केला नाही. पाळधीला आजी उतरली. उतरताना तिने गाठोड्यातून दोन मुठी शेंगा काढून लेकीच्या फ्रॉकच्या ओच्यात घातल्या. नातू फलाटावरून हात हलवत राहिला. दर रविवारी मी मुलांना पुस्तकं एकमेकांना द्यायला सांगते. आणि तो मुलगा अक्षरं लावत असताना मी त्याच्या हातातून पुस्तक परत घेतलं. ठाण्याला आल्यावर नवी प्रत आणली आहे. ती अजून टेबलावर पडून आहे. पाळधी एवढंच ठाऊक आहे. नाव विचारायचं राहून गेलं.

जळगाव, तिथला मुक्काम, परतीचा प्रवास, यातलं फारसं काही आठवत नाही.

परवा रात्री झोपताना लेकीने गोष्ट मागितली. मी कपाटातून पुस्तक काढायला उठले तर म्हणाली, “पुस्तकातली नको. कापूसवाली आई सांग.”

मी दिवा मालवला आणि ओट्यापासून सुरुवात केली.