राजदूत ३५० आणि मागच्या शॉकअपची लांबी

जुन्या मोटरसायकलीला नवे मागचे शॉकअप घ्यायचे ठरले की दुकानात चर्चा होते ती रंगाची, क्रोमची आणि बाहेर दिसणाऱ्या गॅसच्या डबीची. लांबीचा विषय निघालाच, तर ‘थोडे उंच बसतील, पण गाडी भारी दिसेल’ एवढ्यावर तो मिटतो. मला हे मनापासून खटकते, कारण शॉकअपची लांबी ही केवळ गाडीच्या मागच्या भागापुरती गोष्ट नाही. पुढचे चाक कसे वागेल, हेही तिच्यावर ठरते. माझ्याकडे राजदूत ३५० आहे, म्हणून तिच्याच आधाराने लिहितो.

यामाहाच्या आरडी ३५० वरून एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये ही गाडी भारतात आणली, तेव्हा पुढच्या डिस्क ब्रेकच्या जागी ड्रम ब्रेक आला. दोन सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन वरच्या फेऱ्यांवर गेले की एकदम उसळते, पुढचे चाक हलके पडते, आणि जोरात ब्रेक लावावा लागला तर ड्रमवरच भिस्त असते. अशा गाडीचे हँडल मुळात चपळ असते. मागची बाजू उंच करणे म्हणजे त्या चपळपणात आणखी भर घालणे होय.

किती भर पडते, याचा हिशेब साधा आहे. समजा, नवा शॉकअप मूळच्यापेक्षा २० मिमी लांब आहे. शॉकअपचा खालचा बोल्ट मागच्या अॅक्सलच्या थोडा पुढे असतो आणि शॉकअप उभा नसून तिरका असतो, त्यामुळे अॅक्सलपाशी हा फरक २२-२३ मिमीपर्यंत जातो. दोन चाकांमधले अंतर सुमारे १३२० मिमी धरले, तर गाडी पुढच्या बाजूला जवळजवळ एक अंश झुकते आणि फोर्क (पुढचे चाक धरणारे दोन दांडे) तेवढाच उभा होतो. अठरा इंची चाकावर याचा अर्थ ट्रेल साधारण ६ मिमीने कमी होणे, असा होतो. (फोर्कची रेषा जमिनीला जिथे मिळते तिथपासून टायर जमिनीला टेकतो तिथपर्यंतचे अंतर म्हणजे ट्रेल, हँडलला सरळ राहण्याची ओढ त्यातूनच मिळते.) ६ मिमी ऐकायला किरकोळ वाटतात, पण शंभर मिमीच्या आसपासच्या ट्रेलमधून ते गेले की महामार्गावर ट्रक शेजारून जाताना हँडलमध्ये जी थरथर जाणवते, ती बहुधा तिथूनच आलेली असते. त्यातच फोर्कच्या स्प्रिंगा जुन्या होऊन बसल्या असतील, तर पुढची बाजू आधीच खाली आलेली असते आणि दोन्ही परिणाम एकाच दिशेने जमा होतात. म्हणून मागच्या लांबीचा विचार करण्याआधी फोर्कच्या स्प्रिंगा, फोर्कचे तेल आणि कोनसेट (हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग) नीट करून घ्यावेत, असा माझा आग्रह असतो.

लांबी मोजताना टेप शॉकअपच्या टोकापासून टोकापर्यंत धरायची नसते. वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंत, शॉकअप काढून पूर्ण उघडलेला असताना मोजायचे. बोल्टभोवतीचा जुना रबरी बुश एका बाजूला दबलेला असेल तर बोल्टचे छिद्र मध्यातून सरकलेले असते आणि मोजमाप चुकते, म्हणून तशा वेळी शॉकअपच्या टोकाला बुश बसतो त्या बाहेरच्या धातूच्या कडीवरून मध्य काढावा. गाडीवर आता असलेले शॉकअप मूळचेच आहेत, हेही गृहीत धरू नये. चाळीस वर्षांत किती हात फिरले असतील, कोण सांगणार? शक्य असेल तर छेडछाड न झालेल्या दुसऱ्या गाडीवरून माप पडताळून पाहावे.

लांबी जुळली म्हणजे काम झाले, असेही नाही. पल्सरचे गॅस शॉकअप जुन्या गाड्यांना बसवण्याची आपल्याकडे मोठी पद्धत आहे. पण उघडलेली लांबी सारखी असूनही आतल्या दांड्याचा प्रवास जास्त असेल, तर पूर्ण दबल्यावर शॉकअप मूळच्यापेक्षा आखूड होतो आणि टायर मडगार्डला किंवा त्याच्या आतल्या बोल्टला लागतो. शिवाय ती स्प्रिंग दुसऱ्या वजनाच्या गाडीसाठी आणि दुसऱ्या मापाच्या चिमट्यासाठी (मागचे चाक धरून वर-खाली होणाऱ्या भागासाठी) बनवलेली असते.

याची खात्री करून घेण्याची एक पद्धत मला फार आवडते. ५ मिमी जाडीच्या लोखंडी पट्टीचे दोन तुकडे घ्यावेत आणि त्यांना एका टोकाला एक, तर दुसऱ्या टोकाकडे तीन छिद्रे पाडून घ्यावीत: पहिले पूर्ण उघडलेल्या लांबीचे, दुसरे स्वार बसल्यावरच्या लांबीचे, तिसरे पूर्ण दबलेल्या लांबीचे. गाडीखाली जॅक लावून शॉकअपच्या जागी या पट्ट्या एकेका छिद्रावर बसवायच्या. दबलेल्या छिद्रावर टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये बोट घालून पाहायचे, चाक फिरवायचे, सायलेन्सर आणि चेन कव्हर कुठे अडते ते बघायचे. मग एकेका छिद्रावर चेनचा ढिलेपणा तपासायचा, कारण गिअरबॉक्सची दातेरी चकती, चिमट्याचा बोल्ट आणि मागचा अॅक्सल एका रेषेत आले की चेन सर्वांत जास्त ताणली जाते आणि ढिलेपणा तिथेच ठरवावा लागतो. उघडलेल्या छिद्रावर चेन चिमट्याला घासत असेल, तर तो शॉकअप लांब आहे. डबल स्टँडवर मागचे चाक उचलले जात नसेल, किंवा साइड स्टँडवर गाडी फारच कलत असेल, तरीही तोच निष्कर्ष. या पट्ट्यांवर गाडी चालवायची मात्र मुळीच नाही.

गाडी खड्ड्यात आपटते म्हणून लांब शॉकअप घेणाऱ्यांना मी नेहमी थांबवतो. आपटणे हा बहुतेक वेळा थकलेल्या स्प्रिंगचा किंवा संपलेल्या डॅम्पिंगचा (स्प्रिंगची उसळी आवरणाऱ्या तेलाच्या यंत्रणेचा) दोष असतो. चाक हवेत असताना अॅक्सलपासून सीटखालच्या एका ठरावीक खुणेपर्यंत मोजावे, मग हेल्मेट-जॅकेटसह स्वार बसवून दुसऱ्याकडून तेच अंतर मोजून घ्यावे. फरक एकूण प्रवासाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा बराच जास्त असेल, तर स्प्रिंग मऊ आहे. हूक पान्याने कॉलर फिरवून प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) वाढवला तरी स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त वर उचलली जाते. मागे माणूस बसवून घाट चढणाऱ्याला आणि एकट्याने फिरणाऱ्याला एकच स्प्रिंग पुरेल, ही अपेक्षाच मला रास्त वाटत नाही.

शॉकअपखाली जोडण्याच्या एक्स्टेन्शनच्या कड्या मी कोणालाच सुचवत नाही. बोल्टवर येणारा भार त्यांनी बाजूला सरकतो आणि अंतर बदलते ते वेगळेच. माझ्या राजदूतला मी कारखान्याचीच लांबी ठेवली आहे आणि खर्च केला तो माझ्या वजनाला योग्य अशा स्प्रिंगवर. बुशाचे बोल्ट शेवटचे आवळले ते गाडी चाकांवर उभी करून आणि वर माणूस बसवून, कारण चाक लोंबत असताना आवळले तर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते.