बसायला बंदी आणि बसण्याचे शब्द

मंगळवार, रात्रीचे पावणेबारा

आज सहावा दिवस. कंबरेत उसण भरली म्हणून डॉक्टरांनी सरळ सांगितलंय, वीस मिनिटांच्या वर बसायचं नाही, एकतर उभ्या राहा नाहीतर आडव्या व्हा. आता माझं अख्खं आयुष्य खुर्चीत गेलेलं, ऑफिसची खुर्ची, लोकलमधली चौथी सीट (जी सीट नसतेच, अर्धा पार्श्वभाग हवेत असतो), मग घरी येऊन डायनिंगची खुर्ची. हे सगळं बंद. आई फोनवर विचारते काय करतेयस गं, आणि तोंडातून सवयीने येतं, काही नाही, बसलेय. तर ती ओरडते, अगं बसू नकोस सांगितलंय ना!

तर आडवी पडून मोबाईल. महिनाभरापूर्वी अमेरिकेत ओरेगॉन आणि कॅलिफोर्नियातून वाहणाऱ्या क्लामाथ नदीवरची धरणं पाडल्याचं वाचलं होतं, चार धरणं, 2023 मध्ये सुरुवात केली आणि 2024 मध्ये काम संपवलं, आणि त्याच वर्षी शरदात सामन मासे वरच्या अंगाला पोहोचले सुद्धा. त्यासाठी वर्षानुवर्षं भांडलेल्या लोकांमध्ये करुक ही तिथली मूळनिवासी जमात होती. मग करुक कोण, मग त्यांची भाषा, मग बर्कली विद्यापीठाची ऑनलाईन डिक्शनरी, आणि मी गेले कामातून. डिक्शनरी वाचणं हा माझा जुना आजार आहे, कंबरेच्याही आधीचा.

आणि शोधलं काय? बसणे. कारण जे मिळत नाही तेच माणूस शोधतं.

करुकमध्ये बसण्याचं क्रियापद आहे 'इक्रिव्'. आणि त्याचाच दुसरा अर्थ राहणे. म्हणजे 'उक्री' म्हटलं की तो बसलाय, किंवा तो तिथे राहतो, काय ते संदर्भाने समजून घ्यायचं. त्यांच्या जुन्या गोष्टींमध्ये कायोटी (कोल्ह्या-लांडग्याच्या जातीतला प्राणी) येतो, त्याचं नाव पिहनेफिच, आगाऊ आणि हावरट, आणि अशा कुणाबद्दल उक्री आलं की मी दोन सेकंद थांबते, हा आत्ता बूड टेकून बसलाय का याचं घरच तिथे आहे? मराठीत आपण राहणं वेगळं ठेवलंय पण पूर्ण वेगळं झालेलं नाहीच की, 'त्याचं मुंबईत चांगलं बस्तान बसलंय' म्हणतो तेव्हा तो काय खुर्चीत बसलेला नसतो. तिथे मात्र मागच्या दाराने नाही, सरळ एकच शब्द.

आणि ह्यावरूनच घराचा शब्द. 'इक्रिव्राम'. शेवटचा राम म्हणजे आपला राम नव्हे (मला क्षणभर भरून आलं होतं, कबूल करते), ते राम म्हणजे जागा. बसायची-राहायची जागा ती घर. पुरुष झोपायचे आणि घाम काढायला बसायचे ते वेगळं बांधकाम, त्याचं नाव 'इक्महाच्राम', त्यातही तेच राम. जुनं घर फळ्यांचं, आत जमीन खोदून खड्डा केलेला, मधे जाळ, आणि आत शिरायला एक गोल भोक, त्यातून वाकून जायचं. माझ्या कंबरेचं काय झालं असतं ह्याचा विचारही नको.

मग तिसरा शब्द, 'इक्रिव्किर'. बसायची वस्तू, आसन, खुर्ची. आणि इथे मला खरी मजा आली कारण मी समजत होते की खुर्ची-स्टूल म्हणजे गोऱ्या लोकांनी आणलेलं काहीतरी असणार. तसं नाहीये. क्लामाथच्या काठच्या लोकांकडे, करुक काय नि शेजारचे युरोक काय, लाकडाचा ठोकळा कोरून केलेली बुटकी गोल आसनं होतीच, जेमतेम वीतभर उंच, कधी त्याहूनही बुटकी. घामघरात डोक्याखाली घ्यायला लाकडाच्याच उशा. आपला पाट आठवला, उंची साधारण त्याच लायनीतली. आजीचा शिसवी पाट अजून गावच्या घरात माळ्यावर आहे, त्याला कुणी खुर्ची म्हणणार नाही पण इक्रिव्किर म्हटलं तर चालेल.

अजून एक गोष्ट, ही वाचून मी खरोखर उठून बसले (आणि लगेच परत आडवी झाले). काही क्रियापदांना करुकमध्ये एकासाठी एक मूळ, दोघांसाठी दुसरंच. एकटा राहतो तर इक्रिव्, दोघं राहतात तर 'ईन'. नुसता प्रत्यय बदलत नाही, शब्दच बदलतो. म्हणजे मुलगा शिकायला बाहेर गेला, मागे आम्ही दोघंच राहिलो, तर तिथल्या हिशोबाने आमचं क्रियापदच बदललं असतं. नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, बरं, चहा टाकू का. टाक म्हटलं.

ही भाषा कुणाचीच बहीण नाही, निदान पक्कं सिद्ध झालेलं असं कुणी नातेवाईक नाही. एका बाजूला युरोक, दुसऱ्या बाजूला हूपा, तिघांचं जगणं जवळजवळ सारखं, मासे तेच, ठोकळे तेच, नाच तसेच, आणि भाषा तीन वेगळ्या कुळांतल्या. आणि करुक म्हणजे मुळात काय तर नदीच्या वरच्या अंगाला. युरोक म्हणजे खालच्या अंगाला. दोन्ही नावं करुकमधलीच. आम्ही कसं, वरची आळी खालची आळी.

1949 मध्ये विल्यम ब्राइट नावाचा विशीतला विद्यार्थी तिथे पोहोचला आणि म्हाताऱ्या माणसांना शब्द विचारत सुटला. लोकांनी त्याचं नाव ठेवलं, अर्थ साधारण 'छोटा शब्द-विचाऱ्या'. मला ते नाव फार आवडलं, थोडी चेष्टा, थोडा लाड. त्याचं व्याकरण 1957 मध्ये आलं, आणि 2005 मध्ये सुझन गेर ह्यांच्याबरोबर शब्दकोश. ह्या एवढ्याशा बसणे-राहणेसाठी सुद्धा किती वेळ कुणाजवळ ठाण मांडून बसावं लागलं असेल ते त्यालाच माहीत.

आणि गंमत बघा, भाषा टिकवायला कॅलिफोर्नियात 1990 च्या दशकात जी गुरू-शिष्य पद्धत सुरू केली, करुकमध्येही झाली, तिच्यात वर्गात बसायचं नसतं. एक म्हातारं माणूस, एक तरुण, इंग्रजी बंद, आणि दोघांनी मिळून स्वयंपाक करायचा, कपडे धुवायचे, बाहेर हिंडायचं, जे करतोय ते बोलायचं. बसणे हा शब्दसुद्धा समोरचा बसला की कळणार. मला माझी आठवीची संस्कृत आठवली, बाकावर तीन वर्षं बसून आज एक वाक्य धड बोलता येत नाही.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाहीये. 2020 च्या सप्टेंबरात स्लेटर नावाचा वणवा हॅपी कॅम्पमध्ये घुसला, तेच गाव जिथे जमातीचं मुख्य कार्यालय आहे. जवळपास 200 घरं गेली. आधी वाचताना घरं म्हणजे घरं असं वाचलं होतं. आज इक्रिव्राम माहीत झाल्यावर तीच ओळ परत वाचली, मग मोबाईल पालथा ठेवला आणि थोडा वेळ नुसती छताकडे बघत पडले.

बरं, झोपायच्या आधी फिजिओचा व्यायाम बाकी आहे, पाय उचलून सहा वेळा. मराठीत मोजून कंटाळा आला म्हणून करुकमध्ये मोजते आता. यिथा, आखक, कुयराक, पीथ, इत्रोप, आणि सहा म्हणजे 'इक्रिव्किह'. शेवटी किर नाही, किह. एका अक्षराचा फरक. रोज सहाव्याला माझ्या तोंडून खुर्चीच निघते.