अफरवटच्या उतारासाठी तालमीतली माती

गुलमर्गच्या बर्फात गुडघा दुखावून घेतलेला रुग्ण सांगलीतल्या फिजिओथेरपिस्टच्या वाट्याला सहसा येत नाही. माझ्याकडे येतात ते कबड्डीपटू, पैलवान, दुचाकीवरून घसरलेले विद्यार्थी आणि उसाच्या हंगामात कंबर धरून बसणारे मजूर. हा तरुण मूळचा सांगलीतल्याच विश्रामबागचा, नोकरीला पुण्यात. गुलमर्गच्या गोंडोलाचा, म्हणजे तारेवरून चालणाऱ्या पाळण्यांचा, दुसरा टप्पा जिथे संपतो, त्या अफरवट डोंगराच्या ३,९०० मीटरहून अधिक उंचीवरच्या उतारावर, म्हणजे यंत्राने दाबून सपाट न केलेल्या मोकळ्या बर्फात, त्याने एका लहानशा कड्यावरून उडी घेतली होती. शस्त्रक्रियेनंतर तो आईवडिलांकडे राहायला आला आणि पहिल्याच भेटीत त्याने मला विचारले, ‘‘मॅडम, पुढच्या हिवाळ्यात परत जाता येईल ना?’’

मित्राने मोबाइलवर घेतलेले त्या उडीचे चित्रीकरण आम्ही थांबवून थांबवून पाहिले. उडी वाईट नव्हती आणि दोन्ही स्की एकाच वेळी खाली टेकल्या होत्या. मात्र टेकताना शरीराचा भार मागे गेला, नितंब गुडघ्यांच्या खाली उतरले, उताराच्या वरच्या बाजूचा हात आधार शोधत पाठीमागे गेला आणि तेवढ्यात त्याने उठून उभे राहण्याचा जोर लावला. खालच्या स्कीच्या मागच्या टोकाची आतली कड बर्फात रुतली, स्की एकीकडे वळली, मांडी दुसरीकडे राहिली आणि गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटला. बूट स्कीला जखडणारे बाइंडिंग सुटले नाही, याबद्दल तो दुकानदाराला दोष देत होता. वास्तविक बाइंडिंगची रचना प्रामुख्याने नडगी आणि घोटा वाचवण्यासाठी झाली आहे. अशा संथ, मागे बसत होणाऱ्या पिळापासून ते गुडघ्याला वाचवीलच, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. अमेरिकेतील व्हरमाँटच्या कार्ल एट्लिंगर आणि रॉबर्ट जॉन्सन यांनी दुखापतीचा हाच प्रकार ओळखून स्की-प्रशिक्षकांना आणि बचाव पथकांतील लोकांना तो टाळायला शिकवले. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, प्रशिक्षण घेतलेल्यांमधील गंभीर गुडघा-दुखापती ६२ टक्क्यांनी घटल्याची नोंद आहे. त्यांच्या शिकवणुकीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग असा, की तोल गेला आहे हे कळल्यावर सावरण्याची धडपड सोडून द्यावी आणि घसरणे पूर्ण थांबेपर्यंत उठू नये.

हे सांगायला सोपे आहे. पुढचे कित्येक महिने मांडीचे बळ, एका पायावरची उडी आणि दोन्ही पायांच्या तुलनेच्या चाचण्या यांत गेले. ओस्लोतील रुग्णांवरच्या २०१६ सालच्या एका अभ्यासानुसार, शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणे जेवढे लांबवावे, तेवढा दर महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचा धोका जवळपास निम्म्याने घटतो. त्यामुळे नऊ महिने पूर्ण होईपर्यंत मी त्याला स्कीवरच्या उडीचे नावही काढू दिले नाही. त्यानंतर दवाखान्यात त्याचे स्वतःचे स्की-बूट घालून लाकडी खोक्यावरून जाड गादीवर उतरण्याचा सराव सुरू झाला. या बुटात घोटा जवळजवळ जखडलेला असतो, म्हणून उडीचा धक्का गुडघ्याने आणि कमरेच्या सांध्याने दुमडून पचवावा लागतो. पाय ताठ ठेवून मागे झुकत टेकले, तर बुटाची मागची भिंतच नडगीला पुढे ढकलते आणि एसीएलवर ताण येतो. त्यामुळे नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली, हात डोळ्यांना दिसतील इतके पुढे आणि पाय एकमेकांजवळ, ही ठेवण त्याच्याकडून घोटून घेतली. उडी उतारावरच संपली पाहिजे, सपाटीवर नव्हे, हे त्याला चांगले ठाऊक होते. अडत होते ते पडण्याशी. गादीवरसुद्धा त्याचा हात दर वेळी मागे जाई.

माझ्याकडे गुडघेदुखीसाठी येणारे एक वस्ताद हे सारे बाकावर बसून पाहत होते. ते म्हणाले, ‘‘मॅडम, ह्यो पडायला भीत न्हाई, पडल्यालं कुणी बगंल म्हणून लाजतोय. तालमीत धाडा त्याला.’’ शल्यचिकित्सकांची संमती घेऊन आम्ही एका सकाळी तालमीत गेलो. जिल्ह्यात मुली आता जोमाने कुस्ती खेळतात, पण त्या जुन्या तालमीच्या हौद्यात बाईने उतरण्याचा रिवाज नाही. मी काठावर उभी राहून सूचना दिल्या आणि हा रिवाज बदलायला हवा, हेही वस्तादांना ऐकवले. ते हसले.

ताज्या उकरलेल्या, तेल, ताक आणि हळदीने मुरवलेल्या लाल मातीत तो अनवाणी उभा राहिला. पोरांनी त्याला हलकेच मागे रेटले की हात मागे जायचाच. वस्तादांनी त्याच्या दोन्ही मुठींत माती दिली आणि म्हणाले, ‘‘मूठ उघडली की बाद.’’ हात मागे टेकणे थांबले खरे, पण मला ते मान्य नव्हते. स्कीइंग करणाऱ्याच्या हातात काठी असते आणि ती घट्ट धरून पडल्यास अंगठ्याच्या बुडाचा अस्थिबंध फाटू शकतो. काठी सोडताच आली पाहिजे. मी हे समजावून सांगितले. वस्तादांनी क्षणभर विचार केला आणि नियम उलटा केला, ‘‘मग पडता पडता माती म्होरं फेक. माझ्या अंगावर आली पायजे.’’

या एका बदलाने काम झाले. माती पुढे फेकायची म्हणजे हात पुढे जाणार, मुठी उघडणार, हनुवटी आपोआप छातीकडे वळणार आणि अंग कुशीवर लोळणार. पहिल्या काही वेळा माती त्याच्याच डोक्यावर पडली आणि काठावरची पोरे हसली. नंतर मात्र वस्तादांचे धोतर लाल होऊ लागले. जिंकण्या-हरण्याचा निवाडा पाठ टेकण्यावर करणाऱ्या खेळाचे वस्ताद एखाद्याला निमूट पडायला शिकवत आहेत, याची मला गंमत वाटली. मी तसे म्हटल्यावर त्यांनी उत्तर दिले, ‘‘डाव बसला की अंग सोडायचं. ताठलेला पैलवान मोडतो.’’

घसरणे थांबेपर्यंत न उठण्याचा सराव गोणपाटावर झाला. त्याला आडवे करून दोन पोरांनी काठाकाठाने ओढत नेले. ओढण्याची दिशा म्हणजे उताराची दिशा, असे ठरवून त्याने पाय त्या बाजूला आणायचे, गुडघे किंचित वाकवलेले ठेवायचे आणि गोणपाट थांबल्याशिवाय उठायचे नाही. तो घाई करी आणि पोरे मुद्दाम मध्येच वेग वाढवत. तीव्र उतारावर स्की खालच्या बाजूला आणि आडव्या आल्या, तरच त्यांच्या कडा रोवून थांबता येते. तालमीच्या सपाट मातीत ते खरेखुरे करता येत नाही. ताज्या भुसभुशीत बर्फात स्कीची टोके बुडणे किंवा वरून हिमलोट सुटणे याचा तर प्रश्नच नाही. ते गुलमर्गच्या जाणकार वाटाड्याबरोबर, हिमस्खलनाचा त्या दिवसाचा अंदाज पाहूनच शिकावे लागेल, हे मी त्याला स्पष्ट सांगितले.

त्याने जानेवारीतले तिकीट काढले आहे. पहिले काही दिवस दाबलेल्या बर्फावरच राहायचे, उतरण्याची जागा स्वतः जवळून पाहिल्याशिवाय कोणत्याही कड्यावरून उडी घ्यायची नाही आणि बाइंडिंग जुळवून घेताना वजन, वय व कौशल्य यांविषयी दुकानात बढाई मारायची नाही, एवढ्या अटी मी घातल्या आहेत. पैकी शेवटची अट त्याने लगेच मान्य केली. पहिलीवर अजून घासाघीस चालू आहे.