नौपाड्यातील शिवणवर्ग ते घरबसल्या उत्पन्न: आमची वाटचाल

ठाण्यातील नौपाड्यात आमचा शिवणवर्ग 2004 पासून सुरू आहे आणि गेली काही वर्षे त्याच्याच जोडीने आम्ही शिवणकामाचे रेकॉर्ड केलेले अभ्यासक्रम आणि घरच्या प्रिंटरवर छापून घेता येतील असे कागदी पॅटर्न, म्हणजे कापड कापण्यासाठीचे मापाचे आराखडे, ऑनलाइन विकतो. शिवलेली नऊवारी हा आमचा मुख्य विषय. त्याशिवाय कटोरी ब्लाउज, प्रिन्सेस कट, परकर-पोलके आणि लहान मुलांचे धोतर हेही आम्ही शिकवतो. आज आमच्या घरात येणाऱ्या पैशांपैकी निम्म्याहून अधिक पैसा आधीच करून ठेवलेल्या कामातून येतो, म्हणजे ज्या दिवशी एखादी महिला जळगावात किंवा बेळगावात बसून अभ्यासक्रम विकत घेते, त्या दिवशी आम्हाला त्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही. अशा उत्पन्नाला पॅसिव्ह इन्कम म्हणतात. ते कसे उभे राहते आणि त्यामुळे रोजच्या जगण्यात नेमके काय बदलते, हे आमच्याकडे शिकलेल्या अनेक मुली विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

वर्गाचे जुने गणित सरळ होते. घंटाळीजवळ तळमजल्यावरची भाड्याची एक खोली, तिच्यात मोजकी यंत्रे, आणि सकाळ, दुपार व संध्याकाळ अशा तीन बॅचेस. कळवा, मुलुंड, ऐरोली, डोंबिवली इथून मुली लोकलने येत असत. नौपाड्यात मोठी जागा घेण्याची ऐपत नव्हती आणि दिवसाचे तास वाढवता येत नव्हते, त्यामुळे विद्यार्थिनींची संख्या आणि पर्यायाने उत्पन्न एका मर्यादेवर येऊन थांबले होते. त्यावर शिलाईच्या ऑर्डरी असत. गुढीपाडव्याला कौपिनेश्वर मंदिराच्या परिसरातून निघणारी शोभायात्रा हा ठाण्याच्या अभिमानाचा विषय आहे आणि तिच्यात नऊवारी नेसून चालणाऱ्या महिलांची संख्या मोठी असते, त्यामुळे फाल्गुन महिना आमच्यासाठी रात्री जागवणारा असे. त्यापाठोपाठ लग्नसराई, मग श्रावणातील मंगळागौर, गणपती आणि नवरात्र. काम भरपूर होते आणि ते मला मनापासून आवडतही होते, पण मी यंत्रावर बसले तरच पैसे मिळत, आणि घरात कोणी आजारी पडले की महिन्याचा हिशेब कोलमडे.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागू झाली, लोकल सामान्य प्रवाशांसाठी बंद झाली आणि वर्गही बंद पडला. सुरुवातीला व्हिडिओ कॉलवर थेट शिकवले. पण त्यात वेळ वाचत नव्हता, उलट एका मुलीचे नेटवर्क तुटले की सगळ्यांसाठी तोच मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोलवा, पुन्हा आखून दाखवावा लागे. माझे पती तेव्हा वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. जे पुन्हा पुन्हा सांगावे लागते ते एकदाच नीट रेकॉर्ड करून ठेवावे आणि मी खाकी कागदावर काढते ते आराखडे संगणकावर मापासह काढून द्यावेत, ही कल्पना त्यांचीच. आमच्या आजच्या उद्योगाचे दोन्ही पाय या एका सूचनेत होते.

पॅसिव्ह इन्कमविषयी बोलताना लोक विक्रीबद्दल फार बोलतात आणि वस्तूबद्दल फार कमी, असे माझे ठाम मत आहे. वस्तू अशी हवी की शिकवणारी समोर नसतानाही शिकणारीचे काम अडू नये. वर्गात मुलीच्या हातातील कातर चुकीच्या दिशेने वळताना दिसली तर मी तिला थांबवू शकते. रेकॉर्डिंगमध्ये ते शक्य नाही, म्हणून ती कुठे चुकणार आहे हे आधीच ओळखून ते पाठात घालावे लागते. नऊवारीच्या बाबतीत याला फार महत्त्व आहे. साडी साधारण सव्वाआठ मीटर लांबीची असते, काठपदराची असेल तर किमतीही मोठ्या असतात, आणि एकदा कातर लागली की ती पूर्ववत होत नाही. म्हणून आमचा पहिला सगळा भाग मांजरपाटावर शिवून घेण्याचा आहे. पदर आणि समोरच्या निऱ्या यांचा भाग आधी मोजून बाजूला ठेवायचा, मग दोन्ही पायांचे तुकडे, मग मागचा काष्टा. आणि घोट्यापाशी दोन्ही पायांचे काठ एकाच उंचीवर आले पाहिजेत. ब्राह्मणी, पेशवाई आणि मस्तानी या प्रकारांत निऱ्या आणि काष्टा यांची मांडणी बदलते, म्हणून प्रत्येक प्रकारासाठी स्वतंत्र पाठ आहे.

रेकॉर्डिंगसाठी टेबलाच्या बरोबर वर, सरळ खाली बघणारा कॅमेरा बसवला, कारण समोरून घेतलेल्या चित्रात आखणीचे कोन वेडेवाकडे दिसतात. कापड फिक्या रंगाचे आणि शिलाईचा दोरा गडद घेतला, जेणेकरून मोबाइलच्या लहान पडद्यावरही टीप दिसावी. यंत्राच्या आवाजात बोलणे ऐकू येत नाही, म्हणून निवेदन रात्री घरातली गडबड संपल्यावर वेगळे रेकॉर्ड केले. पाठ जाणूनबुजून छोटे ठेवले आहेत, कारण आमच्या बहुतेक विद्यार्थिनी कुकर लावून मिळालेल्या मोकळ्या वेळात पाठ पाहतात आणि अर्ध्यावर सोडून उठतात. एकेका पाठाला आठवडा लागला असेल, पण त्या आठवड्यातील मेहनतीचा मोबदला आजही मिळतो आहे.

कागदी पॅटर्नची गोष्ट आणखी बारकाईची आहे. पतींनी सगळे आराखडे इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये काढले, छातीच्या प्रत्येक मापासाठी वेगळी रेषा दिली आणि ते ए-4 पानांवर विभागले. पाने क्रमाने चिकटवली की पूर्ण आकाराचा पॅटर्न तयार होतो. ज्यांना चिकटवाचिकटवी नको असते, त्यांच्यासाठी झेरॉक्सच्या मोठ्या दुकानात छापता येईल अशी ए-0 आकाराची फाइल दिली आहे, कारण ए-0 च्या एका कागदात ए-4 ची सोळा पाने बसतात. खरा घोटाळा छपाईच्या वेळी होतो. प्रिंटरची ‘फिट टू पेज’ ही सोय चालू असेल तर चित्र कागदाच्या समासांच्या आत बसवण्यासाठी थोडे लहान केले जाते. फरक फक्त चार टक्क्यांचा असला तरी 36 इंचाच्या छातीला जवळजवळ दीड इंच कमी पडतो आणि ब्लाउज अंगात शिरत नाही. म्हणून प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर एक इंच बाजूचा चौकोन आहे. आधी फक्त ते पान ‘अ‍ॅक्च्युअल साइज’ निवडून छापायचे, चौकोन पट्टीने मोजायचा, आणि तो बरोबर एक इंच भरला तरच पुढची पाने छापायची. हा चौकोन ठळक सूचनेसह पहिल्या पानावर आल्यापासून मापाच्या तक्रारी जवळपास थांबल्या. जी तक्रार येतच नाही, तिला उत्तर द्यायला वेळ जात नाही. आमचा मोकळा वेळ बहुतांशी अशाच लहान-लहान सुधारणांतून मिळालेला आहे.

विक्रीसाठी आम्ही वर्डप्रेसवर स्वतःचे संकेतस्थळ उभे केले. दुसऱ्याच्या बाजारपेठेत दुकान मांडले तर ग्राहक लवकर मिळतात, पण नियम आणि दलाली त्यांच्या हातात असते आणि ग्राहकाशी आपले नाते राहत नाही. 2016 साली सुरू झालेल्या यूपीआयमुळे पैसे भरणे आमच्या ग्राहकांना सोपे झाले. नेटबँकिंग न वापरणारी महिलाही फोनवरून सहज पैसे भरते. ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या सेवेचे, म्हणजे पेमेंट गेटवेचे, शुल्क साधारण दोन टक्क्यांच्या आसपास असते आणि त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी लागतो, हे किंमत ठरवताना लक्षात ठेवावे. सेवा देणाऱ्या व्यवसायाला वार्षिक उलाढाल 20 लाख रुपयांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी करावी लागते. पाच कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना 2021 पासून तिमाही विवरणपत्राची सोय आहे, तरी कर दरमहा भरावा लागतो. आमच्यासारख्या छोट्या उद्योगाला ही सोय पुरेशी आहे.

यूट्यूबवर आम्ही काही पाठ विनामूल्य ठेवले आहेत. जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी 1,000 सदस्य आणि वर्षभरात 4,000 तासांचे प्रेक्षण ही अट असते. ती पूर्ण झाली आणि थोडे पैसे येतातही, पण त्या पैशांवर घर चालवण्याचा विचार कोणी करू नये. तिथे पाठ पाहून आमच्या शिकवण्यावर विश्वास बसलेली महिला पुढे संकेतस्थळावर येते, हा त्या पाठांचा खरा उपयोग आहे.

मासिक वर्गणी ठेवावी की एकदाच पैसे घ्यावेत, यावर आम्ही बराच विचार केला. वर्गणीत दरमहा ठरावीक रक्कम येते, म्हणून या क्षेत्रातील बहुतेक जाणकार तिचीच शिफारस करतात. मात्र ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची सूचना ग्राहकाला किमान 24 तास आधी द्यावी लागते आणि ठरावीक मर्यादेपुढील रकमेसाठी दर वेळी मंजुरी घ्यावी लागते. ग्राहकाच्या हिताचा हा नियम मला योग्यच वाटतो. आमची ग्राहक घरखर्चातून बाजूला काढलेले पैसे देते; पाठ न पाहिलेल्या महिन्याचेही पैसे आपल्याकडून जात राहिले, असे तिला कधी वाटू नये. म्हणून एकदाच पैसे, आणि पाठ कायमचे तिचे, असे आम्ही ठरवले. त्यामुळे काही महिन्यांत उत्पन्न कमी-जास्त होते. गुढीपाडव्याच्या आधी आणि श्रावणात ते भरभरून येते, ज्येष्ठ-आषाढात ओसरते. चांगल्या महिन्यांतले पैसे ओसरत्या महिन्यांसाठी राखून ठेवण्याची सवय आम्ही लावून घेतली.

झोपेत पैसे कमवा, असे सांगणाऱ्या जाहिराती सर्वत्र दिसतात आणि त्यांना भुलून तरुण मुले कर्ज काढून महागडी शिबिरे करतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. आमच्याकडेही रोज काम असते. विद्यार्थिनींच्या शंकांना माझ्या डोंबिवलीच्या जाऊबाई उत्तरे देतात आणि त्याचे त्यांना रीतसर मानधन मिळते. शिवलेल्या तुकड्याचा फोटो आला की टीप कुठे उसवायची हे त्या नेमके सांगतात. काहींनी आमचे पाठ डाउनलोड करून फुकट वाटले, तेव्हापासून प्रत्येक पाठावर पाहणाऱ्या व्यक्तीचा फोन क्रमांक पुसट दिसेल अशी व्यवस्था केली. गळ्याची आणि बाह्यांची फॅशन बदलते, तसे नवे पाठ घालावे लागतात. फरक एवढाच, पण तो फार मोठा आहे, की ही कामे सकाळी करायची की रात्री, आज करायची की परवा, हे आम्ही ठरवतो.

हा फरक घरात दिसतो. सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा फिजिओथेरपीच्या प्रत्येक वेळी मी त्यांच्यासोबत होते आणि त्या महिन्यातही उत्पन्न थांबले नाही. पूर्वी गणपतीत दीड दिवसासाठी गावी जाऊन परत यावे लागे, कारण नवरात्रीच्या ऑर्डरी वाट बघत असत. आता आम्ही रत्नागिरीजवळच्या आमच्या घरी विसर्जनापर्यंत राहतो. आरती आटोपली की पडवीत बसून लॅपटॉपवर दिवसभराच्या ऑर्डरी बघायच्या, कुणाची फाइल उघडत नसेल तर ती पुन्हा पाठवायची, आणि मग जेवायला उठायचे. आठवड्याच्या मधल्या दिवशी गडकरी रंगायतनमधला दुपारचा प्रयोग बघता येतो, उपवनच्या तलावाकाठी संध्याकाळी फिरता येते. महागड्या सहली किंवा मोठी गाडी आम्ही घेतलेली नाही, आणि त्यांची ओढही वाटत नाही. आईवडिलांजवळ, मुलांजवळ आणि स्वतःच्या आवडीजवळ बसायला मिळणे, हीच आमच्या दृष्टीने या उत्पन्नाची कमाई आहे.

पतींनी नोकरी सोडली, तीही घाईने नाही. वर्षभराचा घरखर्च मुदत ठेवीत, कुटुंबाचा आरोग्यविमा स्वतःच्या नावाने, आणि ऑनलाइन उत्पन्न सलग दोन वर्षे त्यांच्या पगाराइतके, या तिन्ही गोष्टी जमल्यावरच त्यांनी राजीनामा दिला. नोकरी करणाऱ्या कोणालाही मी हेच सांगते.

सकाळची एक बॅच मात्र मी अजूनही घेते. नव्या मुलीच्या हातात कातर दिली की ती कुठे थबकते, हे समोर बसूनच कळते, आणि तेच पुढच्या पाठात जाते. गेल्या बॅचमधल्या मुली मियानी, म्हणजे दोन पायांमधला जोडतुकडा, जोडताना अडकल्या, म्हणून तो पाठ नव्याने रेकॉर्ड करून जुन्या सर्व ग्राहकांना विनामूल्य दिला. सध्या लहान मुलींच्या शिवलेल्या नऊवारीचा पॅटर्न तयार होत आहे. मुली भराभर वाढतात, म्हणून कमरेला आणि पायांना सोडता येईल असा जादा दाब त्यात ठेवला आहे. दोन मापे सकाळच्या बॅचने मांजरपाटावर शिवून पाहिली आहेत, उरलेली मापे तपासून झाली की गुढीपाडव्याच्या आधी शिवायला पुरेसा वेळ मिळेल अशा बेताने तो विक्रीला ठेवणार आहोत.