भंगारातला स्मोकर

आज अखेर पिंप पेटलं! म्हणजे माझा स्मोकर, मंद आचेवर धुरात मांस शिजवायची भट्टी.

भोसरीच्या भंगारातून उचललेलं २०० लिटरचं लोखंडी पिंप. आधी त्यात खाद्यतेल होतं याची खात्री करूनच घेतलं. केमिकलचं पिंप कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका. आत लाकडं पेटवून जुना रंग, अस्तर पार जाळलं, तारेच्या ब्रशने घासलं आणि तेलाचा हात देऊन पुन्हा तापवलं.

रचना साधीच. तळाशी हवेसाठी पाईपचे तुकडे आणि त्यांना बॉल व्हॉल्व्ह, झाकणावर धुराडं. व्हॉल्व्ह आवळला की आग मंदावते, सोडला की भडकते. सगळी गंमत तिथेच आहे. वेल्डिंगवाले काका जस्ताचा मुलामा दिलेली जाळी बसवायला निघाले होते, "चकाचक दिसंल की!" म्हटलं, काका, नको. जास्त तापली तर जस्ताचा विषारी धूर सुटतो. मग स्टेनलेसची जाळी शोधली, ती पिंपापेक्षा महाग पडली. असो.

कोळशावर आंब्याच्या वाळक्या लाकडाचे तुकडे टाकले. सुरुवातीचा पांढरा, दाट धूर जाऊ द्यायचा, नाहीतर मांस कडू होतं. फिकट निळसर धूर आला की कोंबडी आत. ११० ते १२० अंशांवर निवांत, मांसाच्या आतलं तापमान ७४ होईपर्यंत. शेजारच्या काकूंनी गच्चीवरून विचारलं, "कचरा जाळताय का?" तासाभराने त्याच ताट घेऊन खाली.

पुढच्या रविवारी मटणाची मांडी लावतोय. कोळसा घेऊन येणाऱ्याला पहिला तुकडा!